टिटवीची मूठ

दगडाबाई आमच्या मागच्या दारी आठ वर्षे आली, पण कधी बसली नाही. मंगळवार, गुरुवार, शनिवार हे तिचे वार. बाळकुमहून पायी यायची, टेंभी नाक्याच्या अलीकडे आमची गल्ली, तिथे तिची पहिली हाक. मासळीची पाटी उतरवली की एक पाय उंबऱ्याच्या आत आणि एक बाहेर. "टेक की जरा," म्हटले तर म्हणायची, "टेकली तं उठाला येल लागतो, बाय." उभ्या उभ्या चिंबोऱ्यांच्या नांग्या दोऱ्याने बांधायची, निवट्या धुवायची, मध्येच पदर खोचायची, पुन्हा सोडायची. तिच्या अंगात स्थिरपणा नव्हता. पस्तिशीची असेल. काळी, काटक, उजव्या भुवईवर जुन्या जखमेचा पांढरा व्रण. तो व्रण डुकराने दिलेला होता, हे तिने मला पहिल्याच महिन्यात अभिमानाने सांगितले.

"डुकराने मारले तुला?"

"मी त्याला मारला. त्याचा सुला लागला मना. पन खाल्ला आमी त्याला. चार घरांनी."

मी नुकतीच लग्न होऊन ठाण्याला आलेली, मुंबईच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मुलगी. प्राणिमात्रांवर दया करावी, असे आमच्या सिस्टर शिकवीत. मी तसे काहीतरी तिला बोलले. दगडाबाई पोट धरून हसली. "तुझ्या सिश्टरच्या शेतान डुकर कवा शिरला होता का गं?"

माझ्या सासऱ्यांनी घेतलेली तीन भातखाचरे बाळकुमच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी होती. दगडाबाई आणि तिचा नवरा गुणाजी ही आमची कुळे. गुणाजी वर्षातले आठ महिने खाडीत रेतीच्या होडीवर असे, त्यामुळे शेत तीच बघायची. खाचरांच्या वरच्या बांधाला लागून सरकारी राखीव जंगल सुरू होई. चुन्याने रंगवलेले हद्दीचे दगड, आणि एका सागाला ठोकलेली पत्र्याची पाटी: आत शिकार, लाकूडतोड, गुरे चारणे यांस मनाई. जनावरे टिकावीत म्हणून रान राखायचे, हा त्यामागचा विचार. विचार चांगलाच होता. माझे यजमान वकील होते, ते नेहमी म्हणत, "ह्या लोकांच्या हातात दिले तर दहा वर्षांत डोंगर बोडका होईल."

पण ह्या लोकांचे भात त्या रानावर अवलंबून होते, हे मला दगडाबाईने शिकवले. ठाणे जिल्ह्यात भाताचे रोप करायचे तर आधी जमिनीचा एक तुकडा भाजावा लागतो. त्याला राब म्हणतात. ऐन, किंजळ अशा झाडांच्या फांद्या तोडून वाळवायच्या, त्यांना म्हणतात कवळ. खाली शेण, वर कवळ, त्यावर पातेरा म्हणजे वाळका पाला, सगळ्यावर बारीक माती, आणि उन्हाळा संपता संपता ते पेटवायचे. आग धुमसत राहते, तण आणि किडे मरतात, राख राहते. पाऊस पडला की त्या राखेत बी पेरायचे. राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर लावणी नाही.

पूर्वी कवळ लागेल तेवढी आणत. त्या दोन-तीन वर्षांत कायदा कडक झाला होता. फॉरेस्ट गार्ड खुणेची झाडे दाखवील, त्यांचीच तोडायची, घरटी वीस भारे. आणि जंगलाला लागून असलेले राब त्याने दिलेल्या तारखांनाच पेटवायचे, कारण वणवा लागला तर विझवायला त्याची माणसे तेवढेच दिवस तिथे असत. १९५३ साली त्या तारखा होत्या पंधरा ते वीस मे.

आता डायरीविषयी सांगायला हवे, कारण पुढचे सगळे तिच्यामुळे घडले. मी बाराव्या वर्षापासून रोज डायरी लिहीत आले आहे. जे घडले ते सगळे लिहायचे आणि खरे तेच लिहायचे, अशी आम्हाला शाळेत शिस्त होती. दुपारी भांडी झाली की मी स्वयंपाकघरातल्या पाटावर डायरी घेऊन बसे. दगडाबाईला वाचता येत नव्हते, पण त्या वहीचे तिला फार कौतुक. आली की पहिला प्रश्न, "आज कितवा?" मी तारीख सांगे. मग ती मनाशी काहीतरी जुळवी. एकदा म्हणाली, "आमचा सगला चांदावर चालतो, बाय. गार्ड तारखेवर चालतो. तू मधी बसलीस म्हनून बरा."

त्या वर्षी एप्रिलमध्ये ह्यांनी मला सांगितले, "दगडाबाई येते तेव्हा शेताचे विचारत जा. राब केला का, कधी भाजला, पेरणी, लावणी. सगळे तारीखवार लिही. कुळांच्या कायद्याचे दिवस आहेत, आपल्याकडे नोंद असावी." मला त्यात काही वाटले नाही. उलट माझ्या सवयीचा घराला उपयोग होतो, याचा आनंदच झाला.

शनिवार, ९ मे. त्या दिवशी दगडाबाई पाटी उतरवायच्या आधीच बोलायला लागली.

"बाय, टिटवी बसली माज्या राबान. बरोबर मधी. दोन अंडी हाईत."

"मग?"

"मग काय? दोन आजून घालंल. ल्ही. आज कितवा?"

टिटवी घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवर, खडे-मातीत जरासा खळगा करून अंडी घालते, हे मला तोवर ठाऊक नव्हते. दगडाबाईच्या राबावरची बारीक माती तिला सोयीची वाटली असावी. बाळकुमच्या लोकांचे पावसाचे पंचांग म्हणजे ही टिटवी. खाचराच्या खोलगट भागात अंडी घातली तर पाऊस बेताचा, उंचवट्यावर घातली तर पाणी फार, बांधावर घातली तर बी जपून पेरा. ही राबावर, म्हणजे हातभर उंच बसली होती. त्या आठवड्यात गावातली निम्मी माणसे ते बघायला येऊन गेली म्हणे.

मंगळवारी चार अंडी झाली. ती अमावास्या होती. "आवसेला बसली, फुडच्या आवसेला पिलां भायेर," दगडाबाई म्हणाली. मी पंचांग काढून बघितले. पुढची अमावास्या जूनच्या दहा-अकराला येत होती.

"अगं, पण तुझ्या राबाची मुदत वीस मेला संपते."

"व्हय."

"मग भाजणार कधी?"

ती एका चिंबोरीची नांगी बांधत होती. दोरा तुटला. तिने दुसरा घेतला. "नाय भाजनार," ती म्हणाली.

मी तिला सुचवले की अंडी हळूच उचलून बांधावर ठेवावीत. तिने माझ्याकडे असे बघितले, जणू मी लहान मूल आहे. हात लागला की टिटवी परत येत नाही म्हणे. मग मी म्हटले, मधला भाग सोडून कडेकडेचा राब भाज.

"तुज्या माजघरान पालना हाय आन चारी बाजूंनी मी लाकडां पेटवली, तं तू पोराला घेऊन थितंच बसशील?"

"डुकरे मारतेस, सशाला फास लावतेस, आणि टिटवीचे एवढे?"

"डुकर काय पाऊस सांगतो?" असे म्हणून ती हसली, पण लगेच गंभीर झाली. मग तिने मला मुठीची गोष्ट सांगितली.

ती लग्न होऊन बाळकुमात आली त्या वर्षी टिटवी तिच्या सासूच्या राबात बसली होती. सासूने राब भाजला नाही. गावाची रीतच होती तशी. ज्याच्या राबात टिटवी बसेल त्याने आग लावायची नाही, आणि लावणीच्या वेळी प्रत्येक घराने आपल्या रोपांतून त्याला मुठी द्यायच्या. मूठ म्हणजे एका हातात मावेल एवढी रोपांची जुडी. टिटवीची मूठ. पंधरा घरांनी वीस-वीस मुठी दिल्या आणि सासूची खाचरे सगळ्यांच्या आधी लागली.

"माज्या लग्नानंतरचा पयला भात, बाय, तो त्या मुठींचा. गावाचा खाल्ला मी. आता माज्या राबान बसली तं मी कशी भाजू?"

तिच्या म्हणण्यात एक चूक होती, आणि ती तिला दिसत नव्हती. सासूच्या वेळी कवळ हवी तेवढी मिळे, प्रत्येकाचा राब ऐसपैस असे, रोपे उरून बांधावर वाळत पडत. आता घरटी वीस भारे. कुणाच्या राबात आपल्या खाचरापुरतेही रोप होईल की नाही, याची शंका. मला हे लगेच कळले असे नाही. मी फक्त लिहून ठेवले.

रविवारी, सतरा तारखेला, ह्यांच्याबरोबर मी टांग्याने शेतावर गेले. बरोबर आणखी एक गृहस्थ होते, डोक्यावर हॅट, हातात गुंडाळलेला नकाशा. ते आणि हे खाचरांच्या कडेने पावले मोजत चालू लागले. मी दगडाबाईजवळ राबापाशी थांबले. टिटवी अंड्यांवर बसली होती. आम्ही वीस पावलांवर आलो तशी उठली आणि डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागली. तो आवाज मला अजून सहन होत नाही. दगडाबाई खाली बसून लांबूनच अंडी मोजत होती.

तेवढ्यात वरच्या बांधावरून फॉरेस्ट गार्ड उतरला. गोपीनाथ नाव त्याचे, तिशीचा असेल, खाकी अर्धी चड्डी, हातात काठी. तो स्वभावाने वाईट नव्हता.

"दगडाबाई, तीन दिवस उरले. माझी माणसे एकवीसला खाली जाणार. मग काडी ओढलीस तर मला पंचनामा करावा लागेल."

"मंग दहा जूनची मुदत दे."

"मी कोण देणारा? वरून तारीख येते."

मी मध्ये पडले. म्हटले, "तुम्ही जनावरे राखायलाच आहात ना? मग ही टिटवी राखण्यासाठी मुदत वाढवून मागा."

गोपीनाथने टोपी काढून डोके खाजवले. "बाईसाहेब, माझ्याकडे यादी आहे. यादीत मोर आहे, सांबर आहे, भेकर आहे. टिटवी नाही. आणि असती तरी ही हद्दीच्या बाहेर बसलीय. चार पावले वर बसायला हवी होती."

"तिला यादी वाचून दाखव," दगडाबाई म्हणाली. "म्हंजे फुडच्या साली बरोबर जागंवर बसंल."

गोपीनाथही हसला. पण जाताना मला हळूच म्हणाला, "त्यांना समजवा. यंदा कोणाकडे रोप उरायचे नाही. मी भारे मोजलेत ना."

परतताना टांग्यात हे खुशीत होते. हॅटवाले गृहस्थ कारखान्यासाठी जागा बघत होते. बाळकुम-कोलशेतच्या बाजूला तेव्हा कारखाने येऊ लागले होते. अडचण एकच, कूळ. "पण ती राब भाजत नाही म्हणतेस ना?" ह्यांनी मला विचारले. "म्हणजे यंदा लावणी नाही. कुळाने जमीन पडीक टाकली हे मामलेदारापुढे दाखवता आले की काम झाले. तुझी नोंद कुठल्याही साक्षीदारापेक्षा भारी आहे."

मी घरी आले आणि डायरीपुढे बसले. नऊ मेपासूनची पाने पुन्हा वाचली. तिने उंबऱ्यावर उभी राहून सांगितलेले, मी हौसेने लिहिलेले. चहा गार झाला, पुन्हा गरम केला, पुन्हा गार झाला. शेवटी त्या दिवशीचेही लिहिले, नेहमीसारखे, सगळे. हॅटसकट.

मंगळवारी ती आली तेव्हा मी तिला म्हटले, "दगडाबाई, यापुढे मला शेताचे काही सांगत जाऊ नकोस."

"का गं?"

खरे कारण ओठांवर आले होते. पण नवऱ्याची गोष्ट कुळाला कशी सांगायची? मी म्हटले, "ह्यांना आवडत नाही."

"तुज्या घोवाला निवट्या आवडतात ना? मंग बस झाला." आणि ती सांगतच राहिली. मी तिला थांबवले नाही, आणि लिहिणेही थांबवले नाही.

वीस तारीख गेली. बाकीच्या घरांचे राब भाजून झाले होते. बाळकुमच्या वरच्या अंगाला धूर दिसे आणि दगडाबाईचा एकटा तुकडा तसाच. गुणाजी होडीवरून घरी आला, राब बघितला, आणि बायकोशी न बोलता दुसऱ्या दिवशी परत गेला. हेही तिनेच सांगितले. "बोल्ला असता तं बरा झाला असता. शिव्या तरी दिल्या असत्या."

त्या तीन आठवड्यांत मी तिला इतकी अस्वस्थ बघितली की तिच्याकडे बघवत नसे. पाटी उतरवायची, पुन्हा उचलायची. हिशेब चुकायची, तीन चिंबोऱ्यांच्या जागी पाच द्यायची. रोज सकाळी येण्याआधी शेतावर जाऊन येई, कारण मुंगूस फिरत होते. त्याला तिने दगड मारून हाकलले. गावातली कुत्री हाकलली. एकदा कुणाची म्हैस राबाकडे वळली तर तिच्या मालकाशी भांडली. "आज कितवा?" ती विचारी, आणि मी सांगितले की बोटांवर मोजे.

आठ जूनला पाऊस आला. दहाला पिल्ले बाहेर पडली. गुरुवारी ती भिजतच आली. चारांपैकी तीन. एक अंडे तसेच राहिले. "कापसाच्या बोंडासारकी हाईत, ठिपक्याठिपक्यांची. जन्मली आन चालाला लागली, बाय. एक दीस बसली नाईत." मग म्हणाली, "राब चिंब झाला. आता त्याला देव पन पेटवनार नाय."

तिने त्याच न भाजलेल्या राबात बी टाकले. जुलै उजाडेपर्यंत त्यात रोपांपेक्षा गवत जास्त झाले. आता आधार उरला तो टिटवीच्या मुठींचा.

जुलैच्या बारा तारखेला, रविवारी, ह्यांना पुन्हा शेत बघायचे होते. मी बरोबर गेले. हे बाळकुमच्या नाक्यावर कुणाशी बोलत थांबले आणि मी चिखलातून पुढे गेले. दगडाबाई घरोघर फिरत होती. तिच्या धाकट्या जावेच्या, जनीच्या खाचरात लावणी चालली होती. पाच-सहा बायका वाकलेल्या, डोक्यावर इरली. दगडाबाई बांधावर उभी.

"टिटवीची मूठ मागाला आली, जने."

जनीने मान वर केली नाही. "टिटवीला सांग ना. जी राखली तिना राब भाजावा."

बायका हसल्या.

"रीत हाय गावाची."

"रीत होती तवा कवळ होती. मना वीस भारे, तुला वीस भारे. माजा खाचर मीच उना लावतंय. तू दयाळू, आन मूठ आमी द्याची?"

"तुजा पन भात असाच मुठींवर लागला होता एका साली. माज्या सासूना दिल्ल्या मुठी."

"तुजी ती माजी नाय का सासू? सांग तिला, सोरगातून मूठ टाक."

पुन्हा हसणे. मला वाटले दगडाबाई आता शिवी देईल. पण तिने दिली नाही. म्हणाली, "उरली तं दे. आदी तुजा लाव." आणि पुढच्या घराकडे निघाली. मी तिच्यामागून गेले. सहा घरांनी त्या दिवशी नाही म्हटले. एका म्हातारीने, आवडाबाई तिचे नाव, दोन मुठी दिल्या. आणि दिल्या त्या ताठ, हिरव्यागार, आपल्या वाट्यातल्या. बाकीच्यांनी आपले आधी लावणे चुकीचे नव्हते. मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच केले असते.

पुढच्या दहा दिवसांत मात्र एकेका घराची लावणी संपली आणि उरलेसुरले येऊ लागले. कोणी बांधावर टाकून जाई, कोणी ओरडून सांगे. वय झालेली रोपे, टोके पिवळी पडलेली, मुळे तुटलेली. जनीने पाठवल्या त्या मुठींत निम्मे गवत होते. दगडाबाईने सगळ्या घेतल्या. गुणाजी होडी सोडून आला आणि नांगराला उभा राहिला, अजून न बोलताच. तीन खाचरांपैकी पावणेदोन लागली. वेगवेगळ्या घरांचे वेगवेगळे भात, त्यामुळे एक पट्टा गडद, एक पोपटी, एक तांबूस. २५ जुलैला तिने मला सांगितले आणि मी लिहिले: तीनशे दहा मुठी, अकरा घरांच्या.

कुळाने जमीन पडीक टाकली म्हणून ह्यांनी अर्ज केला. सप्टेंबरात मामलेदार कचेरीत सुनावणी होती. "तूही चल," हे म्हणाले, "अक्षर तुझे आहे, विचारले तर सांगावे लागेल." मी डायरी घेऊन गेले. दगडाबाई आणि गुणाजी भिंतीला टेकून उभे होते. दगडाबाईने माझ्या हातातली वही ओळखली. आधी तिचा चेहरा उजळला. तिला वाटले, मी तिच्यासाठी आणली.

मग ह्यांनी ती मामलेदारांपुढे ठेवली.

"एकवीस मेचे पान बघा, साहेब. 'राब भाजला नाही.' चार जुलैचे बघा. 'रोप नाही, गवत वाढले आहे.' माझ्या पत्नीने कुळाच्या तोंडून ऐकून त्याच दिवशी लिहिले आहे."

मामलेदार वयस्क होते, चष्मा नाकावर. त्यांनी ती दोन पाने वाचली आणि मग वही मागे उलटली. "मधले काय आहे?"

"मधले घरगुती आहे, साहेब."

"मला घरगुती वाचायला आवडते." आणि ते वाचू लागले, मोठ्याने. "नऊ मे. चिंबोऱ्या सहा. दगडाबाई सांगते, राबात टिटवीची दोन अंडी." एक पान, दुसरे पान. गार्डच्या तारखा, मुठीची रीत, यादीत टिटवी नाही, गुणाजी न बोलता गेला. मग ते मागे सतरा मेच्या पानाकडे वळले. "हे नकाशावाले गृहस्थ कोण, वकीलसाहेब?"

ह्यांनी हातातले कागद सारखे केले. मी माझ्या पायांकडे बघत होते.

"आणि हे पंचवीस जुलैचे. 'तीनशे दहा मुठी, अकरा घरांच्या. पावणेदोन खाचरे लागली.' तुमच्याच पुराव्यात लावणी झालेली आहे. पडीक कुठे आहे?" त्यांनी वही मिटली. अर्ज फेटाळला. मग दगडाबाईला म्हणाले, "काय बाई, पुढच्या वर्षी टिटवी बसली तर?"

सगळ्यांना वाटले ती काहीतरी गमतीचे बोलेल. तिने माझ्याकडे बोट केले. "तिला ईचारा. मी सांगितला तो सगला तिना ल्हिलाय."

गुरुवारी ती नेहमीसारखी आली. मी वाट बघत होते. काय बोलायचे ते ठरवून ठेवले होते. तिने पाटी उतरवली, निवट्या धुतल्या, दिल्या.

"दगडाबाई, मी तुला सांगायला हवे होते."

"शेत वाचला, बाय," ती म्हणाली. "तुज्या वहीनाच वाचला. मी काय नाय बोलत." आणि खरोखरच काही बोलली नाही. पुढे कित्येक वर्षे येत राहिली, सत्तावन्न सालानंतर ती खाचरे कायद्याने तिच्या नावावर झाली तरीही. मासे ताजे द्यायची, भाव रास्त लावायची. पण "आज कितवा?" हे तिने मला पुन्हा कधी विचारले नाही. आवडाबाईच्या नातवाकडून ती तारखा विचारून घेते, असे कोणीतरी सांगितले.

पुढच्या मे महिन्यात एकदा न राहवून मी विचारले, "टिटवी आली का गं यंदा?"

ती नांग्या बांधत होती. दोरा तुटला नाही. "ठाव नाय, बाय."

त्या रविवारी मी ह्यांना न सांगता टांगा करून बाळकुमला गेले. खाचराच्या कडेने चालत वरच्या बांधापर्यंत पोचले. सगळीकडचे राब भाजून काळे झाले होते. दगडाबाईने यंदा दोन तुकडे केले होते. एक मोठा, भाजलेला, राख भुरभुरत होती. आणि मधल्या बांधापलीकडे, पुष्कळ दूर, एक लहानसा, दहा पावलांचा, वर बारीक माती नीट पसरलेला, आग न लावलेला. वीस भाऱ्यांतला किती वाटा तिने त्यात घातला होता कोण जाणे. मी आणखी जवळ जाणार तोच तो आवाज आला आणि टिटवी उठून माझ्या डोक्यावर घिरट्या घालू लागली. मी तिथूनच वळले.

दुपारी डायरी उघडली. बारा वर्षांची असल्यापासून त्या वहीत मी काही गाळले नव्हते. त्या दिवशीच्या पानावर आहे ते एवढेच: ऊन कडक. दुपारी वारा पडला.